रयतेविना सम्राट



‘साहित्यातील खलपुरुष’ हा विषय ह्या व्याख्यानमालेसाठी मुक्रर झाल्याचे व्यवस्थापकांनी मला कळविले, तेव्हा रावण आणि दुर्योधन, शकुनी आणि इयागो ह्या महापुरुषांवर बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा अधिक व्यासंगी वक्त्यांचा आहे हे जाणून, मी माझ्याकरिता एक अगदी लहान, म्हणजे उंचीनेही लहान आणि कथेतील वाट्यानेही लहान, असा खलनायक निवडला. त्याचे नाव पिलाफ. तो स्वतःला सम्राट म्हणवतो, आणि आकिरा तोरियामा ह्या जपानी चित्रकथाकाराच्या ‘ड्रॅगन बॉल’ ह्या दीर्घ कथेच्या पहिल्याच पर्वात सात मंतरलेले गोळे गोळा करून साऱ्या जगाचे राज्य मागण्याचा त्याचा मनसुबा असतो. ह्या कथेचे कोट्यवधी वाचक आहेत आणि तिच्यातील पुढच्या बलाढ्य दैत्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे; पिलाफकडे मात्र एक बालिश विनोद म्हणून पाहून लोक पुढे निघून जातात. माझे म्हणणे असे आहे की, सत्तालोभाचे ह्या कथेतील सर्वांत अचूक चित्र त्या महादैत्यांत सापडत नाही, ते ह्या उपहासपात्र सम्राटात सापडते. आणि तो कथेतून बाहेर फेकला गेला त्या घटकेला कथेने आपले एक मोलाचे मोजमाप गमावले.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे, कारण श्रोत्यांमध्ये ज्येष्ठ मंडळीही आहेत आणि त्यांच्या नातवंडांना जे पाठ आहे ते त्यांना ठाऊक असेलच असे नाही. तोरियामा यांचा जन्म 1955 सालचा, आयची प्रांतातला. 1980 पासून चार वर्षे ‘डॉक्टर स्लम्प’ ही निखळ विनोदी चित्रकथा ‘शोनेन जंप’ ह्या साप्ताहिकात चालवून त्यांनी नाव कमावले, आणि 1984 च्या अखेरीस त्याच साप्ताहिकात ‘ड्रॅगन बॉल’चा आरंभ केला. ती 1995 पर्यंत चालली. 519 प्रकरणे झाली आणि ग्रंथरूपात 42 खंड निघाले. ह्याच काळाच्या शेवटी त्या साप्ताहिकाचा खप एका अंकाला पासष्ट लाखांवर गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कथेचा जपानी बालमनावर केवढा अंमल होता ह्याची कल्पना येते. 1 मार्च 2024 रोजी, वयाच्या 68 व्या वर्षी, तोरियामा यांचे निधन झाले.

कथेचे मूळ सूत्र चिनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापल्या गेलेल्या ‘शीयूजी’, अर्थात ‘पश्चिमेची यात्रा’, ह्या कादंबरीतील वानरवीर जपानी उच्चारात सोन गोकू होतो, आणि तोरियामा यांनी आपल्या नायकाला तेच नाव, शेपूट, वाढणारी काठी आणि उडता ढग देऊन मोकळे सोडले. ती कादंबरी ज्या यात्रेच्या आख्यायिकांवर उभी आहे ती ह्यूएनत्संगाची भारतयात्रा होय, आणि तो यात्रेकरू सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या अमदानीत, आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला होता; उपकार विसरू नये आणि अपमानाची परतफेड केल्यावाचून राहू नये असा इथल्या लोकांचा स्वभाव त्याने टिपून ठेवला आहे. आपल्याकडील मुलांनी गोकूला ‘कार्टून नेटवर्क’वर हिंदीतून बोलताना ऐकले तेव्हा, ज्या प्रवासातून तो जन्मला त्या प्रवासाची एक वाट आपल्याच मुलखातून गेलेली आहे, हे त्यांना कोणी सांगितले असेल असे वाटत नाही, म्हणून ते येथे सांगितले.

आता पिलाफकडे वळू. निळसर कांतीचा, टोकदार कानांचा, जेमतेम लहान मुलाएवढ्या उंचीचा हा गृहस्थ भल्या रुंद गळपट्टीचा झगा घालून एका ओसाड प्रदेशातील प्रशस्त किल्ल्यात राहतो. त्याच्या पदरी दोनच माणसे आहेत: निंजाच्या वेषातला, कुत्र्याच्या तोंडाचा शू, आणि लष्करी धाटणीचा लांब कोट घालणारी माय नावाची तरुणी. (तोरियामा यांना पात्रांची नावे खाद्यपदार्थांवरून ठेवण्याची हौस होती, सम्राटाचे नाव आपल्या पुलावाचेच आहे, आणि शू व माय मिळून एक चिनी वडी होते.) ह्या सम्राटाला रयत नाही, मुलूख नाही, वसूल नाही, फौज नाही; त्याने कोणाला सनद दिल्याचे किंवा कोणाशी तहनामा केल्याचे कथेत कुठे दिसत नाही. किल्ला आहे, तळघर आहे, यंत्रे आहेत, शिक्षेचे प्रकार आहेत आणि हुकूम ऐकायला दोन चाकर आहेत. राज्यकारभारातून प्रजा वजा केली म्हणजे मागे काय उरते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हा किल्ला पाहावा.

मालक आणि दोन चाकर ही रचना जपानी रंगभूमीला परकी नाही. नो नाटकांच्या मधल्या वेळात होणाऱ्या क्योगेन ह्या विनोदी नाट्यप्रकारात तऱ्हेवाईक दाइम्यो, म्हणजे सरदार, आणि त्याचे तारो व जिरो हे दोन नोकर शतकानुशतके प्रेक्षकांना हसवीत आले आहेत. तेथे सरदाराचा तोरा जितका मोठा तितकी त्याची फजिती मोठी. चित्रकथेच्या क्षेत्रात ओसामू तेझुका यांचा हॅम एग हा पदार्थाच्याच नावाचा लबाड इसम कथेमागून कथेत दुष्ट भूमिका वठवीत फिरला, आणि 1977 मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘यात्तरमान’ मालिकेने, दर आठवड्याला नवे यंत्र बांधून दर आठवड्याला हरणारे दुष्टांचे त्रिकूट घरोघरी पोचविले. तोरियामा यांच्या स्वतःच्या लेखणीतही पिलाफचा एक पूर्वज आहे. ‘डॉक्टर स्लम्प’मधील दुष्ट शास्त्रज्ञ मशिरितो हा त्यांच्या संपादकावर, काझुहिको तोरिशिमा यांच्यावर, बेतलेला होता; संपादकाच्या आडनावाची अक्षरे उलटी वाचली की ते नाव तयार होते. कठोरपणे हस्तलिखित परत करणाऱ्या वरिष्ठाला विनोदी खलनायक करून त्याच्याच साप्ताहिकात छापावयाचे, आणि वरिष्ठाने ते छापू द्यावयाचे, ह्यात दोघांचेही मोठेपण आहे. ज्याचा आपल्यावर अधिकार चालतो त्याला प्रेम शाबूत ठेवून हास्यास्पद करता येते, हा धडा तोरियामा येथे शिकले, आणि पिलाफ रेखाटताना तो त्यांच्या हाताशी होता.

दुसऱ्या खंडातील किल्ल्याचा प्रसंग मी जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या प्रतिपादनाचा आधार तोच आहे. गोकू, बुलमा आणि त्यांचे सोबती किल्ल्यात शिरतात, तेव्हा जमिनीवर बाण काढलेले त्यांना दिसतात; बाण दाखवतील तिकडे ती मंडळी जातात आणि एका बंद दालनात अडकतात. सापळा इतका भाबडा, आणि तरी तो यशस्वी होतो. पाच गोळे पिलाफने आधीच चोरून आणविलेले आहेत, एक त्याच्यापाशी आहे, आणि गोकूने आजोबांची आठवण म्हणून अंगाशी बाळगलेला एक तेवढा उरला आहे. तो कुठे आहे हे वदवून घेण्यासाठी सम्राट बुलमाला एकटीला बाजूला घेतो आणि अत्यंत लाजिरवाणी शिक्षा करण्याची धमकी देतो. ती शिक्षा कोणती? तो दुरूनच, हवेतून, तिच्याकडे एक चुंबन फेकतो, आणि आपण केवढे घोर कृत्य केले ह्या जाणिवेने स्वतःच लाजून चूर होतो. बुलमाला तर आश्चर्यच वाटते. अत्याचाराची ज्याची कल्पनाच एवढी तोकडी, त्याला जगाचे राज्य हवे आहे! सत्तेच्या भुकेशी क्रूरता जन्मतः जोडलेली असते असे आपण धरून चालतो. येथे भूक पूर्ण वाढलेली आहे आणि क्रूरता अंकुरलेलीही नाही. ही विसंगती तोरियामा यांनी दोन-चार चौकटींत, एका ओळीचेही भाष्य न करता, उभी केली आहे, आणि माझ्या मते विनोदी चित्रकथेतील ती एक उत्तम जागा आहे.

पुढे गुंगीच्या वायूने सर्वांना निद्रिस्त करून सातवा गोळा हस्तगत केला जातो, आकाश काळवंडते, शेन्रोन नावाचा महासर्प प्रकट होतो आणि इच्छा सांगण्यास फर्मावतो. पिलाफ ‘मला जगाचे राज्य’ एवढे उच्चारण्याच्या बेतात असतो, आणि तेवढ्यात भिंतीच्या भोकातून निसटून आलेला ऊलोंग हा रूपे बदलणारा डुकराचा पोर धावत येऊन, एका मुलीची चड्डी मिळावी अशी आरोळी ठोकतो. इच्छा मंजूर होते. वस्त्र तरंगत खाली येते, सर्प अंतर्धान पावतो, गोळे दाही दिशांना पांगतात आणि वर्षभरासाठी दगड होऊन बसतात. प्रसंग सभ्यतेच्या काठावरचा आहे, हे मी मान्य करतो, आणि काही पालकांना तो रुचणार नाही. पण त्यातील न्याय पाहावा. शेन्रोनच्या दरबारात जगाचे साम्राज्य आणि एक चड्डी ह्या दोन अर्जांत दर्जाचा भेद नाही, जो आधी बोलेल त्याच्या अर्जावर शिक्कामोर्तब होते. आणि ऊलोंगने दुसरे काही न सुचल्यामुळे मागितलेली ती क्षुल्लक वस्तू साऱ्या मानवजातीला एका सम्राटापासून वाचविते.

रागावलेला पिलाफ गोकू आणि त्याच्या सोबत्यांना काचेच्या छताच्या कोठडीत कोंडतो. सकाळी ऊन चढले की ते आत भाजून मरतील असा त्याचा हिशेब. मरण देण्याचे कामही त्याने सूर्यावर सोपविले आहे, हे ध्यानात घ्यावे. रात्री त्याच काचेतून गोकू पौर्णिमेचा चंद्र पाहतो, प्रचंड वानर होतो आणि किल्ला जमीनदोस्त करतो. शेवटी सोबत्यांपैकी पूआर कात्रीचे रूप घेऊन त्याची शेपूट कापतो तेव्हाच तो शांत होतो.

ह्यानंतर कथा रेड रिबन सेनेकडे जाते, आणि तेथे ह्याच जातीचा, परंतु अधिक काळाकुट्ट असा एक नमुना भेटतो. त्या सेनेचा सरसेनापती रेड हाही बुटका. शेकडो शिपाई, विमाने, गोळ्यांच्या शोधासाठी झालेले रक्तपात, हे सारे जगावर राज्य करण्यासाठी चालले आहे असे त्याच्या सेनेला वाटत असते. आणि अखेरीस उघड होते की, सरसेनापतीला गोळ्यांपाशी फक्त स्वतःची उंची वाढवून मागावयाची होती. ते ऐकून त्याचा विश्वासू दुय्यम अधिकारी ब्लॅक त्याला तत्क्षणी गोळी घालतो. पिलाफने आपला हेतू कधी लपविला नाही. शू आणि माय ह्यांना तो पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. रेडने तो लपविला आणि त्याच्यापायी माणसे मेली. दोघांची इच्छा सारखीच व्यक्तिगत आहे, पण एकाची दोन चाकरांत मावते आणि दुसऱ्याची सेनेच्या दप्तरात शिरून राजकारणाचे रूप घेते. हे दोन बुटके तोरियामा यांनी एकामागोमाग एक ठेवले, ह्यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते.

पिलाफ मग पुन्हा उगवतो. दगड झालेले गोळे सजीव होताच, शोधयंत्राला पत्ता लागू नये अशा पेटीत शेवटचा गोळा दडवून तो बसलेला असतो. गोकू त्याला गाठतो, पिलाफ आणि त्याचे दोघे साथीदार यंत्रांत बसून त्याच्यावर चालून जातात आणि अपेक्षेप्रमाणे पराभूत होतात. त्या गोळ्यामुळे उपा ह्या मुलाचा मारला गेलेला बाप परत जिवंत होतो. येथवर पिलाफ निरुपद्रवी राहतो.

आणि मग तो भांडे उघडतो. फार पूर्वी एका महान गुरूने आपले प्राण वेचून पिकोलो नावाच्या महादैत्याला भात गरम ठेवण्याच्या विजेच्या भांड्यात बंदिस्त केले होते. आपल्या बळावर जे जमले नाही ते ह्या दैत्याच्या बळावर साधेल आणि जगाच्या राज्यात आपल्याला वाटा मिळेल, ह्या आशेने पिलाफ ते झाकण काढतो. ह्यानंतर कथेत हसू उरत नाही. दैत्याचा दूत युद्धकलेच्या स्पर्धकांची यादी पळवितो आणि यादीबरहुकूम एकेक मल्ल मारला जाऊ लागतो. गोकूचा जिवलग मित्र क्रिलिन मरतो, वृद्ध गुरू मुतेन रोशी मरतो, तारुण्य मागून झाल्यावर पिकोलो खुद्द शेन्रोनचाही वध करतो. आणि ज्याने हे सर्व सुरू केले तो सम्राट, आपला वाटा मागता मागता, शू आणि माय ह्यांच्यासह विमानातून खाली टाकून दिला जातो.

येथे मला शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शकाराची आठवण करून दिलीच पाहिजे. देवलांच्या नाटकामुळे मराठी प्रेक्षकाला तो परिचित आहे: पुराणकथांची खिचडी करणारा, पदोपदी हास्यास्पद ठरणारा तो राजाचा मेहुणा वसंतसेनेचा गळा आवळतो आणि चारुदत्ताला सुळापर्यंत नेतो, तो स्वतःच्या कर्तबगारीवर नव्हे, राजाच्या नात्यावर. शूद्रकाने जे ओळखले तेच तोरियामा यांनी, शूद्रकाचे नावही कानावर नसताना कदाचित, ओळखले. हास्यास्पद माणूस स्वतःच्या बळावर कोणाचे फारसे वाईट करू शकत नाही; उसने बळ मिळाले की करतो. आपल्या आकाराची जाणीव नसल्यामुळेच तो झाकण उघडायला धजतो. शहाणा दुष्ट तसे करण्यापूर्वी दहा वेळा विचार करील. म्हणून पिलाफला निव्वळ विदूषक ठरवून दोषमुक्त करणाऱ्या रसिकांशी मी सहमत नाही. क्रिलिनच्या मृत्यूचा जाब त्यालाही द्यावा लागेल. आणि तरीही शूद्रकाने शकाराला जसे चारुदत्ताच्या हातून अभय दिले, तसेच तोरियामा यांनी पिलाफला जिवंत ठेवले, ह्याचा मला मनःपूर्वक आनंद आहे.

त्या विमानातून पिलाफ खाली पडला आणि मूळ चित्रकथेत त्याला पुन्हा तशी महत्त्वाची कामगिरी मिळाली नाही. ह्याला व्यावहारिक कारणेही होती. ‘शोनेन जंप’मध्ये वाचकांच्या पोस्टकार्डांवरून कथांची क्रमवारी लावली जात असे, आरंभीचा प्रवासविनोद त्या क्रमवारीत मागे पडू लागला तेव्हा तोरियामा आणि तोरिशिमा यांनी गोकूचे शिक्षण आणि मल्लस्पर्धा ह्यांकडे कथा वळविली, आणि कार्डे परत आली. तो निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण त्यातूनच पुढची दहा वर्षे निघाली. पण फ्रीझा, सेल, बू हे नंतरचे खल पाहा: प्रत्येक आधीच्यापेक्षा बलवान, ग्रहांचे ग्रह भस्म करणारे. त्यांच्यापुढे आपण थरारतो. मात्र सत्तेची हाव त्यांच्या आकाराएवढीच मोठी आहे अशी आपली समजूत होऊन बसते. ती हाव मुळात केवढीशी असते, हे सांगणारा एकच साक्षीदार ह्या कथेत होता आणि त्याची साक्ष नोंदविणे बंद झाले.

चलच्चित्रांनी त्याला आठवणीत ठेवले. 1986 पासूनच्या मालिकेत शिगेरू चिबा यांनी त्याला दिलेला किंचाळता, क्षणात चढणारा आणि क्षणात कोसळणारा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना चित्रकथा वाचतानाही तोच ऐकू येतो. 1996 च्या ‘जीटी’ मालिकेत त्याच्याच धांदरटपणाने गोकू पुन्हा बालक झाला. 2013 च्या ‘बॅटल ऑफ गॉड्स’ चित्रपटात तर तोरियामा यांचा स्वतःचा हात होता, आणि तेथे ह्या त्रिकुटाने तारुण्य मागून प्रमाणाबाहेर बालपण मिळविलेले दिसते. मग ही तीन मुले बुलमाच्या वाढदिवसाच्या मेजवानीत गोळे चोरायला येतात आणि पाहुण्यांत मिसळून जातात. पंचवीस-तीस वर्षांनंतर लेखकाला त्यांना काहीतरी द्यावेसे वाटले, तर त्याने बालपण दिले. मला ती शिक्षाही योग्य वाटते आणि तो कृपाप्रसादही.

श्रोत्यांतील तरुणांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही कथा मधून, गोकू मोठा झाल्यावर, ग्रह फुटू लागल्यावर, पाहण्यास सुरुवात केली असेल. मूळ चित्रकथेचे सर्व खंड इंग्रजीत उपलब्ध आहेत. त्यांतील पहिले दोन मिळवा आणि किल्ल्याच्या प्रसंगापर्यंत सावकाश वाचा. आणि त्यानंतर फ्रीझाचे पर्व पुन्हा हाती घेतलेत, तर वाचताना ह्या निळ्या, बुटक्या सम्राटाला शेजारी बसवून घ्या.